परिया म्हंजे पडीत नाही

टेंगनाडीह, अभनपुरच्या पुढं
६ मे २०२३

भार्गव, पोट्ट्या,

तुले अन् सूनबाई गंधालीले आशीर्वाद. बाकी मायना तूच मनात लिहून घे. चौतीस वर्षं शाळेत पोरांकडून मायने घोटून घेतले, आता मले त्याचा कंटाळा येते.

फोन नको करत जाऊ. डावा कान तं कधीचाच गेला, आता उजवाही रजेवर आहे. काल तू पाऊण तास बोलला अन् मले 'आत्या' अन् 'घास' एवढंच ऐकू आलं. हिरालालची दुधाची गाडी रोज सकाळी रायपुरले पुरानी बस्तीत येतेच. त्याच्याजवळ चिठ्ठी देत जा. तो बाकी कामात ढिला आहे, पण कागद हरवत नाही.

तू परवा गेला अन् नत्थू दिवसभर हसत बसला. म्हणे, "दीदी, साहेब लोखंडाची चौकट टाकते, आतलं गवत कापते, वाळवते, तोलते, अन् मंग मलेच विचारते की गवत कसं आहे." मी म्हटलं, शिकलेल्या माणसाले असंच कराव लागते. पण त्याले तू आवडला आहेस. गावची दोनशे गुरं तो चारते, त्याचा बाप चारत होता, असा राऊत कोणाले लवकर जवळ करत नाही. तुले त्यानं चारही हिस्से फिरून दाखवले, हे मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

तू विचारलं होतं की 'परिया'ले कागदावर काय लिहू, पडीत लिहू का. नको लिहू बाबा. पडीत म्हंजे टाकून दिलेली. परिया म्हंजे ठेवलेली. नत्थू साठ एकराचे चार हिस्से करते अन् त्यातला एक अक्तीपासून पोऱ्यापर्यंत, म्हंजे आपल्या अक्षय तृतीयेपासून पोळ्यापर्यंत, बंद ठेवते. माझी गाय असो की सरपंचाची, पाय ठेवू देत नाही. मे महिन्यात तिथं पाहशील तं टकलं दिसते. नत्थूनं अंगठ्यानं उकरून दाखवलं ना तुले, आत हिरवं होतं? त्याची छत्तीसगढी बोली आहे, "परिया सुते हे, मरे नइ हे." झोपली आहे, मेली नाही. एवढं नीट लिही म्हंजे झालं.

अन् एक गोष्ट लक्षात ठेव. गाव कागदाले भिते. तुमच्या संस्थेचं संमतीपत्र आलं तेव्हा पंचायतीत कोणी अंगठा लावाले तयार नव्हतं. मी उभी राहिली अन् म्हटलं, माझ्या भावाचा पोट्टा आहे, श्यामकांतचा, माझ्या मांडीवर वाढला. नत्थूनं हव म्हटलं, मंग सगळ्यांनी हव म्हटलं. परिया गेली तं या गावात गुरं राहत नाहीत, माझ्या अकरा कोसली जातीच्या गाई राहत नाहीत अन् नत्थूले काही कामच राहत नाही. म्हणून सांभाळून.

गंधालीले म्हणा खव्यासाठी डबा पाठव.

तुझी,
रमाआत्या

*

रायपुर
२४ सप्टेंबर २०२३

प्रिय आत्या,

सा. न.

तुझं पत्र आलं की गंधाली आधी वाचते आणि मग मला देते. म्हणते, तुमच्या आत्या रागावल्या तरी छान रागावतात. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. घरी बाबा मराठी बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायचो, त्याची शिक्षा आता भोगतोय. चूक झाली तर लाल पेनने खूण करून परत पाठव.

आत्या, बातमी चांगली आहे. ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला ना, तो आमच्यासाठी परीक्षेचा महिना ठरला. नत्थूभैयांनी बंद ठेवलेला हिस्सा पोऱ्यानंतर उघडला, त्यातलं गवत बाकी हिस्स्यांच्या दुपटीहून जास्त भरलं. आजूबाजूच्या गावांत लोक आत्ताच पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, विकत घेताहेत. आणि टेंगनाडीहच्या गाई अजून चरून घरी येताहेत, दूधही फार कमी झालेलं नाही. मी आजवर जे पेपर वाचले त्यांत शेवटी 'असं करून पाहायला हवं' म्हणून लिहिलेलं असतं. ते हा माणूस बापजाद्यापासून करतोय आणि त्याला कोणी विचारलंच नाही.

पाऊस फिरला तरी जनावरं टिकावीत म्हणून काय करायचं, याचा आमचा प्रकल्प आहे. आता मला वाटतं की त्याचं उत्तर तुमच्या गावातच आहे. अहवालात मी दोन मागण्या ठेवणार. एक, ही जमीन कायमची चराईची म्हणून राखून ठेवावी. दुसरी, गवत सांभाळणाऱ्या राऊताला सरकारने मानधन द्यावं. सुशील सर, म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख, तेही खूश आहेत. म्हणाले, भार्गव, ये तो पूरे राज्य में जाएगा.

परियाचं मी नीट समजून घेतलंय. 'ठेवलेली' हा तुझा शब्द वहीत लिहून ठेवलाय. अहवालाखाली माझं नाव असेल. तू गावात शब्द दिलास, तो मी खाली पडू देणार नाही.

गंधालीने सदर बाजारातून नत्थूभैयांच्या गाईंसाठी घंट्या आणल्यात, हिरालालबरोबर पाठवतोय. खव्याचा डबाही आहे, रिकामा परत पाठवू नको.

तुझा,
भार्गव

*

टेंगनाडीह
११ डिसेंबर २०२४

भार्गवले आशीर्वाद.

काहून रे, दिवाळीले आला नाहीस. त्याच्या आधी पोऱ्याले आला नाहीस. जूनपासून तुझ्या दोन चिठ्ठ्या आल्या, त्याही पोस्टकार्डाएवढ्या. काम वाढलं असेल, मी समजू शकते. पण नत्थू दर आठवड्याले विचारते की चौकटवाला साहेब कधी येते.

सोमवारी तुमची माणसं येऊन गेली. पांढरी जीप होती, चौघं जण होते, एकाजवळ तीन पायांची दुर्बीण होती. मी विचारलं, संस्थेकडून आले का, तं त्यांनी मुंडी हलवली. मी काय ऐकलं अन् काय नाही ते मलेच माहीत नाही, पण संस्थेचं नाव मी ऐकलं. मंग मी त्यांना घरी बसवलं, चहा केला, चीला करून घातला. नत्थूनं त्यांना पूर्ण साठ एकर फिरवून हद्दी दाखवल्या. बांध कुठं आहे, जुना दगड कुठं गाडला आहे, सारं. एक दगड बाभळीत दबला होता, तो त्यानं स्वतः कुदळीनं उकरून दिला. त्यांनी चार कोपऱ्यांवर चुन्याचे पट्टे मारले अन् गेले.

नत्थू खूश आहे. त्याले वाटते, तू म्हटलं होतं ते राखून ठेवाचं काम सुरू झालं. मी पण खूश होती. पण जीपमधल्या एकानं जाता जाता विचारलं की इथून पक्का रस्ता किती दूर आहे अन् बिजलीची मोठी लाईन कुठून जाते. गवताले बिजली कशाले पाहिजे, ते मले समजलं नाही. तू सांग.

तुझी,
आत्या

*

रायपुर
५ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

सा. न. उत्तराला उशीर झाला, माफ कर.

ती माणसं संस्थेची नव्हती, पण त्यांच्याजवळ आमच्या अहवालाची प्रत असेल. अशी पाहणी नेहमी होते, रूटीन असतं. तू मनाला लावून घेऊ नको. बिजलीचं त्याने सहज विचारलं असेल.

इकडे एक बातमी आहे. सहा वर्षं दर मार्चला कॉन्ट्रॅक्ट वाढेल की नाही याची वाट पाहायचो, ते संपलं. नोव्हेंबरमध्ये मी पक्का झालो. आई-बाबांना इतकं बरं वाटलं की बाबांनी पाऱ्यात, सगळ्या गल्लीत, पेढे वाटले. तुला कळवायचं राहून गेलं, याचं मलाच वाईट वाटतंय. आणि गंधालीला मेमध्ये दिवस भरतील. तू आता खरी आजी होणार.

अहवाल सबमिट झालाय. मोठा आहे, इंग्रजीत आहे, तुला वाचायला कंटाळा येईल. नत्थूभैयांना नमस्कार सांग.

तुझा,
भार्गव

*

टेंगनाडीह
१९ फेब्रुवारी २०२५

भार्गव,

गंधालीले आशीर्वाद. तिची काळजी घे, डिंकाचे लाडू हिरालालबरोबर पाठवले आहेत. तुझी नोकरी पक्की झाली, त्याचाही आनंद आहे. आता दुसरं लिहिते.

पंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली आहे. परियाची साठ एकर जमीन एका गोदामवाल्या कंपनीले देऊन राहिले. कोणाले आक्षेप असेल तं बावीस एप्रिलले सुनावणीत सांगावा. कारण लिहिलं आहे की जमीन 'पडत', म्हंजे पडीत, आहे, गुरांच्या कामाची नाही, असं शास्त्रीय अहवालातून सिद्ध झालं आहे.

मी सचिवाले अहवाल मागितला. तू म्हटलं होतं मले कंटाळा येईल. नाही आला. पान चौदावर तक्ता हिंदीत आहे. जमिनीचा प्रकार, पडत. चराईचा उपयोग, नगण्य. पान एकोणीसवर लिहिलं आहे की गवताच्या जोरावर जनावरं टिकवण्याचा उपाय या गावात लागू होत नाही. राऊताच्या मानधनाचं कुठंच नाही. नत्थूचं नाव नाही. अन् खाली तुझी सही आहे. मी तुझ्या सहीले ओळखते, 'भ' ची गाठ मीच तुले वळवून दिली होती.

आधी वाटलं की दुसऱ्या गावाचा कागद यात लागला असेल. मी तीनदा गावाचं नाव पाहिलं.

हे काय आहे, सांग. नत्थूले मी अजून काही म्हटलं नाही. तो रोज सकाळी त्या चुन्याच्या पट्ट्यांवरून गुरं नेते.

रमाआत्या

*

रायपुर
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

सा. न. तुझं पत्र वाचून मीही हादरलो.

तक्ता ऑफिसमध्ये भरला गेला. तिथे टायपिंगला एक मुलगी आहे, तिला छत्तीसगढी येत नाही. माझ्या वहीत 'परिया' होतं, तिने डिक्शनरी पाहून 'पडत' टाकलं असेल. दोनशे पानं होती आणि शेवटच्या दिवशी सही करायची होती. प्रत्येक पान कोण वाचतं. ही चूक आहे, मी मान्य करतो, पण चूकच आहे.

सुधारणा पाठवता येते का ते मी पाहतो. सुशील सर सध्या दिल्लीत आहेत. तू घाबरू नको आणि गावात गडबड होऊ देऊ नको, त्याने काम बिघडेल.

तुझा,
भार्गव

*

टेंगनाडीह
८ मार्च २०२५

भार्गव,

त्या पोरीवर ढकलू नको.

मी तुले सांगते मी काय केलं. चार दिवस अहवाल घेऊन नत्थूजवळ परियावर बसली. तो विचारत गेला, मी वाचून सांगत गेली. नत्थूले अक्षर येत नाही, पण कोणत्या दिवशी कोणती गाय कुठं बसली होती ते त्याले येते. तो म्हणे, साहेबानं दोन वर्षांत माझ्यासमोर चौकट अठ्ठेचाळीस ठिकाणी टाकली, प्रत्येक हिस्स्यात बारा. अहवालात छत्तीस आहेत. कोणत्या बारा गेल्या ते आम्ही शोधलं. ठेवलेल्या हिस्स्याच्या गेल्या. नत्थू म्हणे, ऑफिसात एखादं पान हरवलं असेल. पोऱ्यानंतर दुपटीहून जास्त भरलं म्हणून तू नाचत पत्र लिहिलं होतंस, ते गवत अहवालात उगवलंच नाही. उरलेल्या तीन हिस्स्यांचे आकडे फक्त मे महिन्याचे आहेत, जेव्हा तिथं काडी दिसत नाही.

शब्द टायपिंगवाली बदलेल. बारा चौकटी ती कशी काढेल.

मी मास्तरीण होती रे. पोट्टं चोरून उत्तर लिहिते तेव्हा ते कुठं अडखळते, ते मले माहीत आहे. तू त्या पत्रात एका ओळीत दोनदा 'चूक' लिहिलं आहे.

मले राग येऊन राहिला आहे अन् रडूही येऊन राहिलं आहे, दोन्ही लिहून ठेवते. जमीन तुझ्या अहवालावर चालली आहे, तुझ्याच तोंडानं थांबू शकते. बावीसले ये. जे मोजलं ते सांग. बाकी मले काही नको.

रमाआत्या

*

रायपुर
६ एप्रिल २०२५

आत्या,

हे पत्र चारदा फाडलं आणि आता पाचव्यांदा लिहितोय.

तू म्हणतेस ते खरं आहे. तक्ता मी भरला. शब्दही माझा आहे.

गेल्या वर्षी जुलैमध्ये सुशील सरांनी बोलावलं. म्हणाले, टेंगनाडीहची जमीन वरून कोणीतरी मागितली आहे, तिला चांगली म्हणणारा अहवाल या ऑफिसमधून जाणार नाही. म्हणाले, तुमने क्या झूठ लिखना है, कुछ नहीं, बस जो लागू नहीं होता वो हटा दो. बंद ठेवलेल्या हिस्स्यात गुरं चरतच नव्हती, म्हणून तो 'चराईची जमीन' या व्याख्येत बसत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मला त्या दिवशी ते जवळजवळ पटलं. मग जमिनीच्या प्रकाराचा रकाना आला. तिथे मी पाच मिनिटं पेन धरून बसलो होतो. तुझा शब्द वहीत समोरच होता. मी 'पडत' लिहिलं. पक्क्या नोकरीची फाईल त्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर होती. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. मीच समजून घेतलं.

मला झोप लागत नाही. नत्थूभैयांनी कुदळीने दगड उकरून दिला असं तू लिहिलं होतंस, ते वाचल्यापासून तर अजिबात नाही.

आत्या, मी बावीसला येतो. उभा राहून सगळं सांगतो, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. फक्त एक कर. हे पत्र कोणाला दाखवू नको, सुनावणीत तर नकोच. माझ्या तोंडून आलं तर माणूस म्हणून थोडी इज्जत राहील. कागदातून आलं तर मी चोर ठरेन. गंधालीला यातलं काही माहीत नाही.

माझ्यावर एवढा एक भरोसा ठेव.

भार्गव

*

टेंगनाडीह
९ एप्रिल २०२५

भार्गव,

ठेवला. पत्र कोणाले दाखवत नाही. तू खरं लिहिलं, मले जीव आल्यासारखं वाटलं. नत्थूले एवढंच सांगितलं की साहेब येते अन् स्वतः सांगते. तो म्हणे, मंग काय चिंता आहे.

सकाळी दहाले ये. जेवण करून जाशील.

आत्या

*

रायपुर
२३ एप्रिल २०२५

आत्या,

काल मी तुझ्याशी न बोलता निघून आलो. बोलायची हिंमत नव्हती.

सुशील सर स्वतः येतील हे मला माहीत नव्हतं. ते कंपनीच्या वकिलाशेजारी बसले होते. तहसीलदार मॅडमनी सरळ विचारलं की 'पडत' हा शब्द कुठून आला. मला वाटलं होतं मी सगळं पहिल्यापासून सांगेन. पण सरांकडे पाहिलं आणि दुसरंच निघालं. ते मी ठरवून बोललो नाही, तू मान किंवा नको मानू.

नत्थूभैयांना काही होणार नाही. त्यांच्यावर काही केस नाही. त्यांच्या नावाने फक्त एक वाक्य नोंदलं गेलं. माझं पूर्ण आयुष्य त्या एका वाक्यावर होतं, आत्या. पुढच्या महिन्यात माझ्या घरी बाळ येणार आहे.

ते पत्र जाळून टाक. हात जोडतो.

भार्गव

*

टेंगनाडीह
७ मे २०२५

भार्गव,

ते पत्र जाळलं नाही.

बावीस तारखेले काय झालं ते तुले माहीत आहे, पण मी कुठं बसली होती ते माहीत नाही. तिसऱ्या बाकावर होती. त्याचा कान चांगला म्हणून नत्थूले शेजारी बसवलं होतं, तू बोलशील तसं त्यानं मले मोठ्यानं सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. मॅडमनं विचारलं. तू उत्तर दिलं. मी त्याले कोपरानं ढोसलं, काय म्हणे रे. मंग त्यानं माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "साहेब म्हणे, चरवाहे ने यही बताया था, कि ज़मीन पड़त है." तू जे बोलला ते मले नत्थूच्याच तोंडून ऐकाव लागलं.

माझ्या थैलीत तुझं पत्र होतं. हे तुले सांगणं मले जरुरी वाटते. हात आत होता, कागद बोटाले लागत होता. मॅडम दोनदा म्हणे, और किसी को कुछ कहना है. मी उठली नाही. मले वाटलं, श्यामकांतचा एकुलता एक पोट्टा, सून गर्भार, अन् मी भरल्या कचेरीत त्याची नोकरी खाऊ. मले वाटलं, अजून उठेल, आता उठेल. तू उठला तो सरळ दाराकडे गेला. आदेश कंपनीच्या बाजूनं लागला. तेव्हा एकट्या तूच गावाले फसवलं नाही, मी पण फसवलं. मी तं गावासमोर उभी राहून शब्द दिला होता.

घरी येताना नत्थूले म्हटलं, साहेब खोटं बोलला. तो म्हणे, "दीदी, तुमचा भाचा आहे, तुम्ही रागात बोलून राहिल्या." पत्र थैलीतच होतं अन् मी ते वाचून दाखवलं नाही. त्यानं विचारलं असतं की मंग कचेरीत काहून नाही काढलं. मले लाज वाटली.

पंधरा दिवस तो माझ्याकडं आला नाही. हिरालालकडून कळलं की तो गावात घरोघरी जाऊन आला. आज सकाळी आला अन् म्हणे, साहेबाले एक चिठ्ठी लिहून द्या, मी सांगतो तशी. मी लिहून घेतली. त्याचा एक शब्द बदलला नाही. फक्त छत्तीसगढीचं मराठी केलं, तू ते नीट वाचावं म्हणून. खाली आहे.

आता मी काय करणार आहे ते ऐक. उद्या सकाळी गुरं सुटायच्या आधी तुझं सहा एप्रिलचं पत्र मी नत्थूले वाचून दाखवीन. थैलीचं पण सांगीन. मंग रायपुरले येऊन ते अपिलात लावीन. अपिलाले अजून मुदत आहे. तुझी नोकरी जाईल, मले माहीत आहे. श्यामकांत या जन्मात माझ्याशी बोलणार नाही, गंधालीचं बाळ मले कोणी दाखवणार नाही, तेही माहीत आहे. तू भरोसा ठेव म्हटलं होतं अन् मी तो मोडून राहिली आहे. पण तुले आधी सांगून मोडून राहिली. माझ्यासाठी तेवढंही कोणी केलं नव्हतं.

तुले मी मांडीवर वाढवलं. आजही तुझा चेहरा डोळ्यासमोर आला तं जीव तुटते. तरी लावीन.

रमा

(नत्थूनं सांगितलेलं)

साहेबाले राम राम.

मी शिकलेला माणूस नाही. तुम्ही परिया म्हंजे काय म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी काय उत्तर दिलं ते मले आता नीट आठवत नाही. पण तुम्ही कचेरीत एवढ्या लोकांसमोर सांगितलं, म्हंजे तसंच बोललो असेन. तुम्ही काहून खोटं बोलाल. माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला अन् गावाची जमीन गेली.

गावात काही लोक तुमच्या नावानं बोलत होते. मी घरोघरी जाऊन सांगितलं की साहेबाची चूक नाही, माझी आहे. आता तुम्हाले कोणी काही म्हणणार नाही. गुरं चारायचं काम मी यंदा पोऱ्याच्या सणाले सोडून देतो, असंही सांगून दिलं.

दीदी तुमच्यावर रागावल्या आहेत. मी त्यांना समजावून राहिलो. तुम्ही मनात काही ठेवू नका. मले माफी द्या.

नत्थू
(अंगठा)